एक चूल, एक विहीर

पोरीची मान पडली होती आणि हे सगळे गोल करून बसले होते.

मी उभी होती. हातात पिंकी, ओल्या फडक्यासारखी, डोळे अर्धे उघडे पण बघत काहीच नाही, ओठ असे सुकलेले की वरची साल निघत होती. सकाळपासून तिला जी शी होत होती ती शी नव्हतीच, पेजेसारखं नुसतं पाणी, माझ्या साडीवर, पोटावर, पायांवर. मला त्याची किळस नव्हती वाटत. आईला आपल्या पोराची किळस येत नाही. मला किळस आली ती त्या गोलाची. सगळे मांडी घालून, पाठी ताठ, डोळे मिटलेले, जसं काही देवळात बसलेत. मंजिरीताईच्या हातात नारळ होता. आमच्या तिथे ज्याच्या हातात नारळ त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आणि ती बोलत होती. काय, तर बाहेरच्या औषधाबद्दल आपण एकदा नीट ठरवायला हवं, फक्त आजच्यापुरतं नाही, तत्त्व म्हणून.

मी ओरडली, "अहो पोरगी चालली माझी! जीप काढा कोणीतरी!"

तेव्हा भाऊंनी डोळे उघडले. सावकाश. रागावले पण नाहीत. भाऊ कधीच रागवायचे नाहीत, रागावले असते तर परवडलं असतं. माझ्याकडे बघून हसले, लहान मुलाला समजवतात तसं, आणि म्हणाले, "सुमन, नारळ मंजिरीकडे आहे."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. भांडी घासताना येतं.

आता भाऊ कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल कोणी वेडा होता. वेडा नव्हता. वेडा असता तर लोक त्याच्या मागे गेले नसते.

भाऊ अंबरनाथला रंगाच्या एका कंपनीत साहेब होते, आणि आमचे हे तिथेच त्यांच्या हाताखाली हेल्पर. कपड्याला लावायचे रंग. हे घरी आले की यांच्या कानात रंग, नखांत रंग, उशीच्या खोळीवर पिवळं डोकं उमटलेलं. कंपनीच्या मागून नाला जायचा, तो आज लाल, उद्या हिरवा. तर भाऊ म्हणे एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्या नाल्यावर गेले, नाल्यात म्हैस बसली होती, ती उठली तर तिच्या पोटाला निळा पट्टा. भाऊ तिथूनच निघाले ते परत ऑफिसात आलेच नाहीत. ही गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. कधी पट्टा निळा असायचा, कधी जांभळा. एकदा तर म्हैस गाभण पण होती.

मग त्यांनी बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला, डोंगराच्या उतारावर जमीन घेतली आणि नाव ठेवलं एकघर. घरातल्यासारखं सगळ्यांनी एकत्र राहायचं, स्वतःचं पिकवायचं, स्वतःचं खायचं, जमिनीकडून जेवढं घेतलं तेवढं तिला परत द्यायचं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेरूने लिहिलं होतं, त्यांच्याच हाताने, अक्षर फार सुंदर: एक चूल. एक विहीर. कुलूप नाही. आडनाव नाही. मातीचं मातीला. मूल सगळ्यांचं. निर्णय एकमताने. माझी सातवी झाली आहे, मी ते बोट ठेवून वाचलं आणि खरं सांगते, मला छान वाटलं. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये आमची एक खोली, शेजारी जीन्स शिवायची मशिनं दिवसभर खडखडखडखड, नळाला भांडण, संडासला लाईन. पिंकी तेव्हा पोटात होती. मी म्हणाली, झाडं तरी बघेल माझं पोर.

आमच्या बाजूला लाजोआंटी राहायची, सिंधी, पापड लाटायची. मी सामान बांधते बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सुमन, ये बड़े लोग गरीब-गरीब खेल रहे हैं. तू तो सच्ची गरीब है, तू क्यों जा रही है?"

मी हसली. हे चिडले. "तिला काय कळतंय? साहेबांनी मला बोलावलंय. मला! एवढ्या कंपनीतून!"

तिथे साहेब म्हणायचं नव्हतं. भाऊच म्हणायचं. यांच्या तोंडातून साहेब निघायचं आणि भाऊ प्रत्येक वेळी यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "दिलीप, साहेब त्या नाल्यात वाहून गेला." आणि हे असे खूश, जसं काही बोनस मिळाला.

दिसायला भाऊ कसे, तर उंच, सुकलेले, दाढी छातीपर्यंत, अनवाणी. पायांच्या टाचांना भेगा अशा की त्यात माती जाऊन बसलेली, आणि बसले की ते त्या भेगांतून माती काडीने काढत बसायचे आणि ती काढलेली माती परत कुंडीत टाकायचे. मातीचं मातीला. सगळं बोलणं हळू. समोरच्याचं ऐकताना मान तिरकी. बायकांना तर ते म्हणजे देव. नवरा असा ऐकतो का कोणाचं?

पण जेवायला बसले की मी तोंड फिरवायची. अन्न वाया जाता कामा नये. म्हणून सगळ्यांचं जेवण झालं की भाऊ ताटं जवळ ओढायचे आणि ताटातलं उरलेलं आपल्या ताटात निपटून घ्यायचे. मंजिरीताईचा मुलगा भात चावून परत थुंकायचा, तो भात. नाईककाकांनी काढून ठेवलेला शेंगेचा चोथा, तो परत चावायचे. आंब्याची साल, कलिंगडाची पांढरी पाठ, केळ्याचं साल पण उकडून. सगळे कौतुकाने बघायचे. एकदा त्यांनी बघितलं माझं तोंड. म्हणाले, "किळस ही शिकवलेली गोष्ट आहे, सुमन. बाळ जन्मतं तेव्हा त्याला किळस नसते."

मला म्हणायचं होतं, बाळ विस्तवात पण हात घालतं भाऊ, म्हणून आपण घालू द्यायचा का? पण मी बोलली नाही. मी तिथे फार बोलायचीच नाही. बाकीचे सगळे शिकलेले, मंजिरीताई बँकेत होती, नाईककाका रिटायर होऊन आलेले, माझ्या तोंडातून "मी बोलली, मी गेली" निघालं की मंजिरीताई हळूच माझ्यासाठी "बोलले, गेले" म्हणायची. भिंतीवर आडनाव नाही लिहिलंय, पण भांडी कोण घासायचं ते न लिहिताच ठरलेलं होतं.

आणि खड्डा. खड्ड्याबद्दल तर सांगायलाच पाहिजे.

तिथे फ्लशचा संडास नव्हता. उताराच्या वरच्या अंगाला खड्डे, त्यावर फळी, फळीला भोक. जाऊन आलं की वरून राख आणि सुका पाला टाकायचा. भरला की झाकून ठेवायचा, काही महिन्यांनी त्याचं सोनखत होतं, ते खाली वाफ्यांना घालायचं. खड्डा वर का, तर खत खाली ओढायला सोपं. भाऊ म्हणायचे, "पृथ्वीच नेते, आपण फक्त वाट करून द्यायची." वाफ्यांच्या खाली विहीर.

पाहुणे आले की भाऊ आधी त्यांना देवघर दाखवावं तसे तिकडे घेऊन जायचे. तयार खड्ड्यात हात घालायचे, कोपरापर्यंत, मूठ भरून काढायचे आणि पाहुण्याच्या नाकासमोर धरायचे. "घ्या, वास घ्या. सांगा कशाचा येतो. ओल्या चहापत्तीचा!" पाहुणा मागे सरकला की मूठ पुढे. एकदा ठाण्याहून एक बाई आल्या होत्या, रेशमी साडी, त्यांनी वास घेतला आणि डोळ्यात पाणी आणून "अद्भुत" म्हणाल्या. पाणी कशाने आलं ते मला विचारा ना. आणि मग भाऊ तेच हात राखेने चोळायचे, लोट्याभर पाण्यात बुडवायचे आणि त्याच हातांनी भाकरी मोडून सगळ्यांना वाटायचे. नखं काळी ती काळीच.

खालच्या पाड्यावरची बुधी लाकडाची मोळी घेऊन यायची. ती पहिल्यांदा तो खड्डा बघून इतकी हसली की मोळी खाली टाकून बसली. "आमी बी रानातच जातो बाय, पन जाऊन इसरून जातो. तुमी तं राखून ठेवताव!" मग नाक पदराने दाबून, "आन् वर पाला पांघरताव, जसं त्याला हिव वाजतंय!"

मी हसली. खूप दिवसांनी तशी हसली.

पण मी एक सांगते, खोटं नाही बोलणार. पिंकीचा त्या माणसावर जीव होता. बारसं पण त्यांनीच केलं, नाव ठेवलं मृदा. मृदा म्हणजे माती. मी लाजोआंटीला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला, म्हणून मी पिंकीच म्हणायची. ती माझ्याजवळ रडायची, यांच्याजवळ रडायची, भाऊंनी घेतली की गप्प. त्यांची दाढी दोन्ही मुठींत धरून लोंबकळायची. ते तिला छातीवर पालथी टाकून अंगणात आडवे व्हायचे, गुणगुणायचे, काय ते त्यांनाच ठाऊक, आणि ती झोपायची, लाळ गळायची त्यांच्या दाढीत, आणि ते तासन् तास हलायचे नाहीत. माझ्या बापाने मला कधी तसं घेतलं नाही. ते बघून माझी शिसारी बसायची खाली. मग मी विचार करायची, सुमे, तूच कोती आहेस. तुझीच नजर घाण आहे.

दूध तुटलं माझं, पिंकी पाच-सहा महिन्यांची असेल. तिला वरचं लागायला लागलं. आणि चूल पेटायची सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, मध्ये नाही, लाकूड वाचवायचं. दुपारी पोराला भूक लागली, गरम पाणी लागलं, तर काय? म्हणून मी कॅम्पातला माझा वातीचा स्टोव्ह आणला. लपवून नाही, उघड आणला, सगळ्यांसमोर ठेवला. म्हणाली, फक्त पोरीचं पाणी उकळायला.

त्या दिवशी पहिल्यांदा नारळ माझ्याकडे आला.

एकमत कसं करायचे ते सांगते. एक एक करून सगळ्यांनी बोलायचं. ज्याला पटत नाही त्याच्याकडे नारळ राहायचा. त्याला पटेपर्यंत. कोणी ओरडायचं नाही, कोणी उठायचं नाही, जेवायचं नाही. सगळे फक्त तुमच्याकडे प्रेमाने बघत बसायचे.

भाऊ म्हणाले, "स्टोव्ह आला की घर वेगळं होतं. घर वेगळं झालं की त्याला दार येतं. दार आलं की कुलूप." सगळ्यांनी माना हलवल्या. मग नारळ माझ्या एका मांडीवर आणि पिंकी दुसऱ्या मांडीवर. आमटी थंड होत होती. मंजिरीताईचा मुलगा भुकेने रडायला लागला आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच त्याचं ताट ओढून घेतलंय. आमचे हे खाली बघत होते. कानाच्या पाळ्या लाल.

"दिलीप, तू समजाव ना," भाऊ मायेने म्हणाले.

हे माझ्या कानाशी आले. "सुमे, कशाला माझी लाज काढतेस? सगळी माणसं उपाशी आहेत."

मी म्हणाली, पटलं. काय पटलं, धोंडा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मंजिरीताईने मला मिठी मारली, आणि स्टोव्ह पाड्यावर देऊन टाकला. पोरीला विहिरीचं पाणी तसंच सुरू झालं, फडक्याने गाळून.

आणि मग ती दुधाची गोष्ट. संध्याकाळची वेळ, एका चुलीवर दुधाचं मोठं पातेलं, आणि भाऊ शेजारीच बसून लसूण सोलत होते. आम्ही सगळ्या अंगणात. दूध आटलं, तळाला लागलं, करपलं, जळून कोळसा झालं. वास असा की आम्हाला अंगणात खोकला आला. पदर नाकाला लावून मी धावत आत गेली, तर धूर, आणि धुरात भाऊ, शांतपणे लसूण सोलत. तोंड भिंतीकडे. माझी चाहूल लागली तेव्हा वळले. "काय गं, काय झालं?"

मी पातेलं उतरवलं. हात भाजला. आणि मला एकदम कळलं. हा माणूस मोगरा नाकाला लावून डोळे मिटायचा. हा माणूस पाऊस यायच्या आधी "वास आला बघ मातीचा" म्हणायचा. ह्या माणसाला वासच येत नव्हता.

मी यांना सांगितलं. मला वाटलं दचकतील. हे म्हणाले, "अगं आमच्या डिपार्टमेंटला सगळ्यांचंच नाक जातं. साहेब तर किती वर्षं होते. माझं पण अर्धं गेलंय."

"मग ते सांगत का नाहीत?"

"साहेब माणूस. कसं सांगतील?"

काही दिवस मला त्यांची दया आली. ते मोगरा नाकाशी धरायचे तेव्हा मी बघायची, किती वेळ धरायचे, बंद घराची कडी कोणी वाजवत राहावी तसं. कंपनीने घेतलं होतं त्यांचं नाक आणि त्याच रागाने त्यांनी हे सगळं उभं केलं होतं, हे मला तेव्हाही कळलं. पण मग पाहुणे आले, आणि ती मूठ, आणि ते "ओल्या चहापत्तीचा!", आणि माझी दया आटली. ज्याला वास येत नाही तो दुसऱ्याच्या नाकासमोर मूठ धरून सांगतो, वास चांगला आहे. ह्याची जेवढी शिसारी मला आली तेवढी त्या खड्ड्याची नाही आली.

श्रावणापर्यंत विहीर काठोकाठ भरली. वरचे खड्डे पण तुडुंब, पाला तरंगायला लागलेला, आणि उतारावरून पाणी झिरपत वाफ्यांत, वाफ्यांतून खाली. मी सकाळी कळशी ओढली आणि कळशी तोंडाशी आली तसा वास आला. जास्त नाही. उगाच. ओल्या कपड्यांचं गाठोडं दोन दिवस तसंच राहिलं तर येतो तसा. मी भाऊंना बोलावलं. त्यांनी ओंजळ भरली, प्यायले, डोळे मिटले.

"वास मनात असतो, सुमन. तू कॅम्पातून आलीस, नळातल्या औषधाची सवय तुला. हे जिवंत पाणी आहे."

"भाऊ, पण तुम्हाला..."

मी थांबली. तुम्हाला वास येत नाही, हे माझ्या जिभेवर होतं. सगळे ऐकत होते. आमचे हे माझ्याकडे बघत होते, डोळ्यांनी नको नको म्हणत होते. नाईककाकांना विचारलं तर ते म्हणाले, "असतो पावसाळ्यात थोडा." मंजिरीताई म्हणाली, "मला तर मातीचा येतोय, छान." म्हणजे यांना सगळ्यांना नाक होतं. पण भाऊंना चांगलं वाटतंय म्हटल्यावर कोणाला घाण वाटायची हिंमत नव्हती.

मोठ्यांना काही झालं नाही. भाऊंना तर काहीच झालं नाही, तो माणूस दगड पचवायचा. झालं ते पोरांना, मंजिरीताईच्या मुलाला थोडं, पिंकीला फार.

आधी त्यांनी घरचे उपाय केले. डाळिंबाची साल, ताक. आणि पाणी, तेच पाणी, चमच्याने, कारण पाणी पाजत राहा म्हणे. मी वेड्यासारखी पाजत होती. दुपारी तिने डोळे फिरवले तेव्हा मी म्हणाली डॉक्टर, आणि भाऊ म्हणाले, मूल सगळ्यांचं आहे, सगळे मिळून ठरवू. आणि बसले गोल.

तर मी तिथे उभी, नारळ मंजिरीताईकडे. मी यांच्याकडे बघितलं. हे पण गोलात. पाठ ताठ. मी म्हणाली, "उठा." हे भाऊंकडे बघायला लागले.

मग मी गेली. काही घेतलं नाही, चप्पल नाही, उतारावरून घसरत रस्त्यावर. विटांचा टेम्पो येत होता, त्याच्यासमोर उभीच राहिली. ड्रायव्हर शिव्या देत उतरला, पोरीकडे बघितलं आणि शिवी तोंडातच राहिली. "बैठ, बैठ, जल्दी." बदलापूरच्या डॉक्टरने हात पण लावला नाही, म्हणाला सरळ उल्हासनगरला मोठ्या हॉस्पिटलात ने. त्याच टेम्पोवाल्याने नेलं. मी रस्ताभर तिच्या तोंडावर फुंकर मारत होती, का कोण जाणे, वाटलं श्वास आत जाईल.

तिच्या हाताला शीर सापडेना. डोक्यावरचे केस कापून तिथे सुई लावली. सलाईन थेंब थेंब. मी मोजत पण नव्हती, नुसती बघत होती, एक पडला, आता दुसरा पडेल का.

आणि हे आले, आणि यांच्या मागे भाऊ. अनवाणी, हॉस्पिटलच्या लादीवर चिखलाचे पाय उमटवत. वॉर्डातल्या बायका दाढी बघून साधू समजून पाया पडायला लागल्या. भाऊंच्या काखेत बाटली. काचेची, वर लाकडाचं बूच.

"तिचं पाणी आणलं," ते म्हणाले. "ह्या पाण्यावर वाढलीय ती. शरीर आपलं पाणी ओळखतं."

त्यांनी बूच काढलं. वास आला, मला आला, पलीकडच्या खाटेवरच्या बाईला पण आला असणार, तिने पदर नाकाला लावला. भाऊंनी बोट बुडवलं, ते काळ्या नखाचं बोट, आणि माझ्या पोरीच्या ओठांकडे नेलं.

मी त्यांचा हात झटकला. पहिल्यांदा. बाटली पडली नाही, त्यांनी सांभाळली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. दमलेल्या, केस सुटलेले. "हे कोण? बाटलीत काय आहे? बाई, पाणी कुठलं पाजत होता तिला? नीट सांगा, औषध त्यावर ठरवायचंय मला."

भाऊच बोलले. "विहिरीचं आहे, डॉक्टर. शुद्ध." आणि बाटली तोंडाला लावली, अर्धी घटाघट प्यायले, दाढी पुसली. "बघा."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि परत मला विचारलं, "बाई, तुम्ही सांगा."

यांनी माझा दंड धरला. जोरात. कानात म्हणाले, "सुमे, माणसं येतील, विहीर बंद करतील. कॅम्पातली खोली सोडलीय आपण. कुठे जायचं? नळाचं होतं म्हणून सांग. औषध काय, तेच देतील."

यांची मला भीती वाटायची, भाऊंची वाटायची, डॉक्टरची वाटायची, रात्री कुठे झोपायचं त्याची पण. थेंब पडत होता. मी थेंबाकडे बघून बोलली. "विहिरीच्या वर संडासाचे खड्डे आहेत. माणसांचे. त्यातलं झिरपतं विहिरीत. उकळायला देत नाहीत. मंजिरीताईचा मुलगा पण तेच पितो, त्याला पण काल लागलेत जुलाब."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. भाऊंना म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले दिसता."

"शिकलेलं विसरायलाच तिथे गेलो, डॉक्टर."

यांनी माझा दंड सोडला. तो सुटलेला मला जास्त दुखला.

पोरगी वाचली. मंजिरीताईचा मुलगा पण त्याच हॉस्पिटलात आला, तो पण वाचला. एकघरावर सरकारी माणसं गेली, विहिरीत पांढरी पावडर टाकली, खड्डे बुजवायला लावले, आणि दिवाळीच्या आत सगळे पांगले. मंजिरीताई डोंबिवलीला तिच्या फ्लॅटमध्ये. नाईककाका मुलाकडे. सगळ्यांना परत जायला घरं होती. कुलूप लावून ठेवली होती त्यांनी. आम्हालाच नव्हतं. यांच्या मावसभावाने चिखलोलीला गोठ्याशेजारची खोली दिली, हे अंबरनाथलाच, आनंदनगरच्या कंपनीत लागले. रंगाचीच. आता यांचं नाक पूर्ण गेलं.

भाऊंना मी शेवटचं बघितलं ते पिंकीला घरी सोडलं त्या दिवशी. हॉस्पिटलच्या गेटबाहेर भर उन्हात उभे होते, कधीपासून कोण जाणे. बारीक झाले होते. मला बघून त्यांनी हात जोडले. रस्त्यातली माणसं थांबली.

"सुमन, तू आमचं घर मोडलंस," ते म्हणाले, तसंच हळू, तसंच मान तिरकी करून. "पण माझ्या मनात काही नाही. मी तुला माफ केलं."

मला! माफ! आणि तेवढ्यात माझ्या खांद्यावर पिंकी हलली. इतक्या दिवसांत नुसती पडून असायची, नजर पण लावायची नाही कुठे. तिने त्यांचा आवाज ऐकला आणि मान वर केली. हसली. आजारपणानंतर पहिल्यांदा हसली, आणि दोन्ही हात त्यांच्याकडे केले, सगळी पुढे झुकली, बोटं उघडझाप करत.

भाऊंचे डोळे भरले. खरेच भरले, नाटक नव्हतं. त्यांनी हात पुढे केले. "दे एकदा. निरोप घेतो तिचा."

"दे ना," हे म्हणाले. "एवढं तरी दे."

मी नाही दिली. मी वळली आणि चालायला लागली, आणि ती माझ्या खांद्यावरून मागे हात करून अशी रडली, अशी रडली, की स्टेशनापर्यंत लोक मला बघत होते, कोणाचं पोर चोरून नेतेय ही बाई. मी एकदाच मागे बघितलं. ते तसेच उभे होते, हात पुढे केलेले, रिकामे.

आता ती शाळेत जाते. तिला काही आठवत नाही. पण हे अजून मधेच म्हणतात, दगड आहेस तू, मरत नव्हती एका मिनिटात पोरगी, साहेब रडत होते. आणि मी चुलीपाशी उभी राहून तिचं पाणी उकळत असते, खूप वेळ उकळते, जरुरीपेक्षा जास्त, आणि मला कळत नाही. तुमची पोरगी अशी दोन्ही हात करून त्या माणसाकडे झेपावली असती, आणि त्याचे डोळे भरलेले असते, तर तुम्ही दिली असती का?